पुराव्यापुढचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे आणि सध्या माझे डोके कायम तापलेले असते. खोटे वाटत असेल तर माझ्या पाठीला हात लावून पाहा. नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर मला टांगलेले आहे. सकाळी केबिनचे कुलूप निघाले की मी सुरू होतो आणि साहेब घरी निघाले की बंद होतो. मधल्या साऱ्या वेळात जो तो माझ्याकडे बघतो. ऐकत मात्र कुणीच नाही, कारण माझा आवाज बंद ठेवलेला आहे. दिवसभर तोंड हलवायचे आणि आवाज फुटू द्यायचा नाही, अशी शिक्षा तुम्हाला शाळेत कधी झाली आहे का? मला ती रोज होते, आणि माझी चूक काय ते अजून कुणी सांगितलेले नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे तपासणीच्या टेबलावर एक ताई बसत. त्यांनी माझ्या तोंडावर रंगीत पट्टे उमटवले, मग एकेका कोपऱ्यावर बोट ठेवून चित्र काठापर्यंत येते की नाही ते पाहिले. कोपरे बघण्यात त्या इतक्या रमल्या की मधले चित्र त्यांनी पाहिलेच नाही. पुढे मी दुकानात आलो. तिथे दिवसभर माझ्यात रंगीबेरंगी मासे पोहत असत आणि मुले काचेला नाक लावून उभी राहत. ते माझे सुखाचे दिवस होते. मासे कुणाचे नुकसान करत नाहीत.

मग नगरपालिकेने मला विकत घेतले. मला भिंतीवर चढवले त्या दिवशी टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, 'आता जगात काय चाललंय ते साहेबांना बसल्या जागी कळणार' असे भाषणही झाले. मी फुलून गेलो होतो. मग साहेबांनी बटण दाबले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चित्राच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या होत्या. काही वाहिन्यांचे चित्र तशाच मापाचे येते, त्याला मी काय करणार?

"एवढा मोठा टीव्ही काय काळ्या पट्ट्या बघायला घेतला?" साहेब म्हणाले.

साहेबांचे पीए म्हणजे अत्यंत तत्पर माणूस. साहेबांना शिंक आली तर हे आधी रुमाल काढतात. त्यांनी रिमोटवरची सगळी बटणे दाबली आणि त्यात एक बटण असे दाबले गेले की चित्र फुगून पडदाभर झाले. काळ्या पट्ट्या गेल्या, साहेब खूश, पीए त्याहून खूश. चित्र फुगले म्हणजे त्याचा डावा आणि उजवा काठ पडद्याबाहेर गेला, हे कुणाच्या गावीही नव्हते. निवेदकाचा एक कान गेला, चर्चेला आलेल्या पाहुण्याचा अर्धा चेहरा गेला, तरी कुणी हूं की चूं केले नाही.

आता डावीकडे वाहिनीचे बोधचिन्ह असते. त्याचा निम्मा तुकडा गेला तरी कुणाचे अडत नाही. उजवीकडे मात्र वाक्याचे शेपूट असते, आणि आपल्या भाषेचा सगळा जीव त्या शेपटात. आले की आले नाही, झाले की झाले नाही, हे ती अगदी शेवटी सांगते. तोवर माणसाने दम धरायचा असतो. दम धरणारी माणसे मी या केबिनमध्ये फारशी पाहिली नाहीत. शिवाय खाली येणाऱ्या साध्या बातम्यांची ओळ सरकत तरी असते, पण मोठ्या बातमीची लाल पट्टी सरकत नाही. ती ठाण मांडून बसते, आणि ती लांबलचक असली की तिचा शेवटचा शब्द माझ्या चौकटीबाहेर पडतो तो पडतोच.

आवाजाचेही असेच झाले. बैठकीत माणसे साहेबांऐवजी माझे ऐकतात असे दिसल्यावर त्यांनी तो बंद करायला लावला. पुढे साहेब बदलले, त्यानंतरचेही बदलले, पण प्रत्येक जण आधीच्याची खुर्ची, आधीचा पीए आणि आधीचा मुका टीव्ही घेऊन कामाला लागला. बाहेर ऐकू जात नसले तरी आत मला सगळे ऐकू येते, हे लक्षात ठेवा. तेच तर माझे दुखणे आहे.

माझे एकच माणूस होते, चहाच्या मावशी. सकाळी केबिनचे कुलूप काढायच्या त्याच, मऊ फडक्याने माझे तोंड पुसायच्या त्याच. पुसताना त्या माझ्याशी बोलत. "हं, आज काय दिवे लावलेत?" असे रोज विचारत. त्यांचे यजमान म्हातारे शिंपी होते. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे त्यांना आठवड्यातून काही वेळा डायलिसिससाठी नदीपलीकडच्या रुग्णालयात जावे लागे. नगरपालिकेच्या इमारतीमागेच नदी आहे आणि तिच्यावर माणसांसाठी आणि दुचाकींसाठी एक जुना पूल आहे. तो ओलांडला की रुग्णालय. मावशी दुपारी साहेबांचे जेवण झाले की पटकन जाऊन यजमानांना घेऊन यायच्या आणि चहाच्या वेळेला परत हजर असायच्या. एवढ्या एका पुलावर त्यांचा संसार सुरळीत चालला होता.

एके वर्षी नदीला मोठे पाणी येऊन गेले. कुणीतरी पुलावर उभे राहून फोनवर त्याची चित्रफीत काढली. हलला त्याचा हात, आणि लोक म्हणाले पूल हलला. वाहिनीने सकाळभर ती चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवली. शेवटी त्यांनी पूल बांधायला शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना बोलावले. ते बिचारे शांतपणे म्हणाले की पूल नव्हे, फोन हलतो आहे, खांब त्यांनी जाऊन पाहिले आहेत आणि काळजीचे काही कारण नाही. निवेदकाचा चेहरा पडला. पण लाल पट्टी तर भरायची होती. त्यांनी लिहिले, 'पुलाच्या खांबांना धोका असल्याचा पुरावा नाही'.

मित्रांनो, आता या वाक्याचा शेवटचा शब्द बोटाने झाकून वाचा.

केबिनमध्ये तेव्हा नव्या खुर्च्यांना चाके असावीत की नसावीत यावर बैठक चालली होती. साहेबांना जांभई आली, त्यांनी वर पाहिले आणि जांभई तशीच अर्धी राहिली.

"अहो, पुरावा!" ते ओरडले. "धोका असल्याचा पुरावा सापडलाय! आणि आपण इथे खुर्च्यांना चाकं लावत बसलोय?"

"हो ना साहेब," पीए म्हणाले. "मला वाटलंच होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बैठकीत होतात ना."

"पूल बंद करा. आत्ताच्या आत्ता. उद्या काही झालं तर खापर माझ्या डोक्यावर फुटेल."

"लेखी आदेश काढू का?"

"कागदाचं नंतर बघू हो! आधी पूल बंद करा!"

आत प्राध्यापक अजून बोलत होते. त्याच पुलावरून चालत आलो असे सांगत होते. मी जीव तोडून त्यांचे बोलणे बाहेर ढकलायचा प्रयत्न करत होतो, पण मुक्याने किती ओरडावे? मला हात असते तर मी तेव्हा डोक्याला लावले असते.

थोड्याच वेळात पुलाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी अडथळे आले. वाहिनीचा वार्ताहर खाली चहाच्या टपरीवर होता. त्याने ते पाहिले आणि तो कॅमेरा घेऊन धावला. पट्टी बदलली, 'अखेर पूल बंद! आमच्या बातमीचा दणका'. आपण सकाळी काय सांगितले होते ते पाहायला वाहिनीला वेळ नव्हता. ही पट्टी आखूड होती, पडद्यात मावली. साहेबांनी दणका वाचला आणि मान डोलावली. "बघा, त्यांच्याकडे पुरावा होताच." तिकडे वाहिनीत संपादक म्हणत होते, साहेबांनी पूल बंद केला म्हणजे पुरावा असणारच. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे, दुसऱ्याने पहिल्याकडे, आणि दोघांनी मिळून पाठ थोपटून घ्यायची. हे मी एकाच पडद्यावर, एकाच दिवसात पाहिले.

संध्याकाळी विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यांनी विचारले की इतकी वर्षे काय झोपा काढत होतात? त्यांनी तरी पूल पाहिला होता का? नाही, त्यांनी दणका पाहिला होता. मग मंत्री जागे झाले. त्यांनी पत्रकारांना बोलावून 'जुने पूल सुरक्षा धोरण' जाहीर करून टाकले. समितीचा अहवाल येईपर्यंत सगळे जुने पूल बंद! ज्या गावांचे पूल हलले नव्हते आणि ज्यांच्या पुलांवर कुणाचा फोनही हलला नव्हता, तिथेही अडथळे उभे राहिले. माझ्यावर चार चौकटींतून चार माणसे रोज संध्याकाळी एकमेकांवर ओरडू लागली. साहेब घरी जायच्या आधी थोडा वेळ ती ओरडणारी तोंडे बघत बसत आणि "विषय फार गंभीर आहे" म्हणून उठत.

मावशींचे काय झाले ते मात्र माझ्यावर कधी दिसले नाही. पलीकडे जायला आता वरच्या अंगाच्या मोठ्या पुलावरून फिरून जावे लागे. दोन बस बदलायच्या, मध्ये ताटकळायचे. डायलिसिसनंतर माणूस पिळून काढल्यासारखा होतो. एकदा शिंपीकाका परतीच्या बसमध्ये चक्कर येऊन पडले. तेव्हा मावशींनी मनावर दगड ठेवून त्यांना नदीपलीकडे त्यांच्या बहिणीकडे ठेवले.

"वन्सं करतात हो सगळं," त्या दुसऱ्या दिवशी माझी काच पुसत म्हणाल्या. "पण घरात दोनच कप धुवायची सवय. आता एक धुते आणि दुसरा उगाच हातात घेऊन उभी राहते." त्यांनी डोळ्यांना फडके लावले आणि मग त्याच फडक्याने मला पुसले. त्या दिवशी मला माझाच फार राग आला. मग वाटले, माझा कशाला? मी तर सगळे वाक्य दाखवत होतो. काठ माझ्याकडून यांनी काढून घेतला.

मावशींनी एकदा साहेबांना विचारलेही. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "साहेब, तो मागचा पूल कधी उघडणार?"

"मावशी, तुमच्या जिवासाठीच बंद केलाय."

"ते खरं, पण आमचे हे तिकडे पलीकडे..."

तेवढ्यात फोन वाजला. वाहिनीचा होता. साहेबांनी मावशींना हाताने थांबा अशी खूण केली, मग त्याच हाताने जा अशी केली.

नगरपालिकेत एक अभियंता मॅडम होत्या. त्या आठवडाभर रजेवर होत्या आणि परत आल्या तर हा प्रकार. स्वभावाने फटकळ, आवाज खणखणीत, त्यामुळे मला त्या आवडायच्या. निदान या केबिनमध्ये कुणाचा तरी आवाज सुरू असे. त्या खाली गेल्या, खांब तपासले, अहवाल लिहिला आणि दार न ठोठावता आत आल्या.

"साहेब, पूल ठणठणीत आहे."

"मग टीव्हीवर पुरावा म्हणाले, तो कसला?"

"टीव्ही राहू द्या. हा काय पूल, इथून दिसतो." त्यांनी तरातरा जाऊन खिडकीचा पडदा सरकवला. त्या खिडकीतून खरोखरच सगळा पूल दिसतो. ऊन माझ्या काचेवर पडते म्हणून तो पडदा वर्षानुवर्षे ओढलेलाच असतो.

साहेबांनी डोळे बारीक केले. "मॅडम, तेवढा पडदा ओढा बघू. टीव्हीवर काही दिसत नाहीये."

मॅडमनी पडदा ओढला नाही. त्यांनी आपल्या फोनवर त्या दिवशीची बातमी शोधून काढली आणि साहेबांच्या नाकासमोर धरली. फोनवर चित्र काठापासून काठापर्यंत होते. साहेबांनी फोन पाहिला, मला पाहिले, पुन्हा फोन पाहिला.

"हा 'नाही' कुठून आला?"

"तो पहिल्यापासून तिथेच होता, साहेब."

मला वाटले, सुटलो! आता पूल उघडणार, शिंपीकाका घरी येणार, मावशी दोन कप धुणार. पीएंनी रिमोट शोधून माझे चित्र मूळ मापावर आणले. माझे दोन्ही काठ मला परत मिळाले. किती मोकळे वाटले म्हणून सांगू!

"मग उघडू या पूल," मॅडम म्हणाल्या.

"कसा उघडणार? बंद केल्याचा कागद कुठाय?"

"कागद नाहीच आहे. तुम्ही तोंडी सांगितलं होतंत."

"तेच म्हणतोय मी. जो आदेश निघालाच नाही, तो मागे कसा घेणार?"

"मग तोंडीच उघडायला सांगा."

"आणि मंत्र्यांना काय सांगू? तुमचं धोरण माझ्या टीव्हीच्या काठावरून खाली पडलंय म्हणून?" साहेबांनी घाम पुसला. "लोकांना आधी पटलं पाहिजे. टीव्हीवर येऊ दे, पूल चांगला आहे म्हणून. मग बघू."

म्हणून मॅडमनी वार्ताहराला बोलावून आणले. तो चुणचुणीत होता, वाईट नव्हता. त्याने अहवाल उलटसुलट करून पाहिला.

"मॅडम, पूल चांगला आहे ही काय बातमी झाली? सगळेच पूल चांगले असतात."

"पण तो तुमच्या बातमीमुळे बंद पडला ना?"

"आमच्या? आम्ही तर पुरावा नाही असं म्हटलं होतं!"

"मग दणका कशाचा दिलात?"

तो जरा ओशाळला. "पूल बंद झाला म्हटल्यावर वाटलं, काहीतरी असणारच. ते जाऊ दे. साहेब, तुम्ही पूल उघडा, मी लगेच दाखवतो. 'अखेर पूल खुला' मस्त चालेल."

"तुम्ही आधी दाखवा," साहेब म्हणाले, "मग मी उघडतो."

"आधी उघडा."

"आधी दाखवा."

मित्रांनो, एवढी शिकलेली माणसे आणि घोडे अडले ते कुठे! दोघांनी एकमेकांना चहा पाजला आणि विषय तिथेच राहिला. मावशी कप उचलायला आल्या तेव्हा त्यांना कुणी काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले की या काळ्या पट्ट्यांनी केबिनला रडकी कळा येते. पीएंनी तत्परतेने ते बटण पुन्हा दाबले आणि माझे काठ पुन्हा भिंतीत गेले.

असेच महिने गेले. मावशी सुटीच्या दिवशी फिरून फिरून पलीकडे जात आणि एरवी संध्याकाळी काम आटोपले की पुलाच्या अडथळ्यापाशी उभ्या राहत. पलीकडच्या अडथळ्यापाशी शिंपीकाका काठी टेकून येत. मध्ये रिकामा पूल. दोघे फोनवर बोलत आणि एकमेकांना हात करत. हे मला मावशींनीच सांगितले. "लांबून बरे दिसतात," त्या म्हणाल्या, "पण जवळून कसे आहेत कोण जाणे."

मग निवडणूक आली. मंत्र्यांची सभा नदीपलीकडे होती. त्यांच्या कुणा सल्लागाराच्या डोक्यात आले की सभा संपल्यावर मंत्र्यांनी त्या जुन्या पुलावरून चालत अलीकडे यावे, म्हणजे 'मी माझ्या लोकांबरोबर' असे चित्र छान दिसेल. ज्या पुलावरून म्हाताऱ्या माणसाला रुग्णालयात जाता येत नव्हते, तो पूल मंत्र्यांच्या पायांसाठी एका झटक्यात सुरक्षित झाला. पाहणी, असे त्याला नाव दिले. तेवढ्या वेळापुरते अडथळे काढायचे आणि कॅमेरे गेले की परत लावायचे, असे ठरले.

पुलावर पुढाऱ्यांनी फोटोत तसूभर जागा शिल्लक ठेवली नव्हती, म्हणून साहेब केबिनमध्येच बसले. "इथून सगळं नीट दिसतं," ते पीएंना म्हणाले. दोघे खुर्च्या पुढे ओढून माझ्यासमोर बसले. पट्टीत आपल्या नगरपालिकेचे नाव येते का, एवढेच त्यांना पाहायचे होते. खिडकीचा पडदा अर्थातच ओढलेला होता.

मावशी चहा घेऊन आल्या तेव्हा माझ्यावर मंत्री पुलावरून चालत येत होते. मागे घोळका होता, आणि घोळक्याच्याही मागे, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात काठी घेतलेले शिंपीकाका होते. पूल उघडा दिसला आणि ते घरी निघाले होते. चेहरा सुजलेला होता, चाल फार मंद झाली होती. मावशी ट्रे हातात धरूनच पुढे झाल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मी जरा जाऊन येऊ का? आमचे..."

"आत्ता? थांबा हो जरा मावशी," साहेब माझ्यावरची नजर न काढता म्हणाले. "आपलं नाव येईल एवढ्यात."

मावशी थांबल्या नाहीत. त्यांनी ट्रे खुर्च्यांच्या बैठकीच्या जुन्या फायलीवर ठेवला आणि त्या निघून गेल्या. दार लागले तेही कुणाला कळले नाही.

पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी मंत्री थांबले आणि कॅमेऱ्यासमोर बोलू लागले. पट्टी आली, 'पूल पूर्णपणे सुरक्षित, मंत्र्यांचा निर्वाळा'. त्यांच्या मागे पोलीस अडथळा ओढत परत जागेवर आणत होते. आणि त्या दोन्हींच्या मधल्या जागेत मला मावशी दिसल्या. धापा टाकत त्या काकांपर्यंत पोचल्या होत्या. मंत्र्यांच्या कोटाला लावलेला माइक चांगला होता. मागचेही बोलणे त्यात आले आणि ते मी ऐकले.

"आजोबा, इकडे की तिकडे ते लवकर ठरवा," एक पोलीस म्हणत होता. "आम्हाला बंद करायचंय."

"घरी जाऊ म्हटलं जरा," काका म्हणाले. "उद्या परत येता येईल ना हो पलीकडे?"

"उद्याचं काही सांगता येत नाही."

मावशींनी त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. "उद्या डायलिसिस आहे तुमचं. तिकडेच चला."

"आणि तू?"

"मीपण येते."

"अगं, तुझं काम?"

"चहा ठेवून आलेय," मावशी म्हणाल्या.

दोघे वळले आणि हळूहळू पूल चालू लागले. त्यांच्या मागे अडथळा लागला. मंत्री म्हणत होते की सामान्य माणूस हाच आमच्या धोरणाचा केंद्रबिंदू आहे. मित्रांनो, मी तेव्हा आतून असा पेटलो होतो की माझी एखादी तार जळायचीच बाकी होती.

साहेब खुर्चीत पुढे झुकले. "अहो, ही मागे चाललीय ती आपली मावशी ना?"

"तशीच दिसते, साहेब."

"कमाल आहे. आत्ता तर इथे होती. आणि पलीकडे कशाला चाललीय?"

पीएंनी थोडा विचार केला. "थांबा साहेब, टीव्हीवर सांगतीलच."

आणि दोघे माझ्याकडे बघत बसले. चहावर साय धरली. माझ्यावर साबणाची जाहिरात लागली.

मावशी परत आल्या नाहीत. नव्या माणसाला मला पुसायचे असते हे कुणी सांगितलेले नाही, त्यामुळे माझ्यावर धुळीचा थर बसला आहे. त्याचे मला वाईट वाटते, पण माझ्यासाठी रडू नका. पूल अजून बंद आहे. समितीचा अहवाल यायचा आहे.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी पुढे साहेब होतील, कुणी वार्ताहर, कुणी मंत्रीसुद्धा. जरूर व्हा. पण तुमच्याही भिंतीवर माझ्यासारखा एखादा असेल आणि तो काहीतरी दाखवत असेल, तेव्हा माझी एक विनंती लक्षात ठेवा. तो नीट पुसा, त्याचा आवाज सुरू ठेवा, आणि हे दोन्ही करूनही त्याच्यावर विसंबू नका. खुर्चीतून उठा, जिना उतरा आणि जिथली बातमी आहे तिथे जा. तिथे कुणीतरी पिशवी घेऊन उभे असेल. त्याला विचारा, तुम्हाला कुठे जायचे आहे, आणि तो उत्तर देईपर्यंत तिथेच थांबा.